इम्युनिटीसाठी हर्बल सप्लिमेंट घेताय? या चुका टाळा

डबीवर ‘इम्युनिटी वाढवा’ असं लिहिलेलं दिसलं की आपण मागचं लेबल वाचायच्या भानगडीत पडत नाही. पण प्रतिकारशक्ती नुसती वाढवत नेण्यात शहाणपण नाही. ती भरकटली की स्वतःच्याच सांध्यांवर, थायरॉईडवर, यकृतावर उलटते. त्यामुळे ल्युपस, आमवात, मल्टिपल स्क्लेरोसिस असा ऑटोइम्यून आजार असताना अश्वगंधा, गुळवेल किंवा एकिनेशिया ही परदेशी औषधी वनस्पती परस्पर सुरू करू नका.

त्याहून गंभीर चूक म्हणजे डॉक्टरांना न सांगणं. मुद्दाम कोणी लपवत नाही. ‘झाडपाल्याचंच तर आहे’ म्हणून राहून जातं. 2000 साली झुरिकच्या डॉक्टरांनी हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दोघांच्याही शरीराने नवं हृदय नाकारायला सुरुवात केली होती. दोघंही सेंट जॉन्स वर्ट घेत होते. या वनस्पतीमुळे यकृतातलं आणि आतड्यातलं सीवायपी3ए4 हे औषधं मोडणारं एन्झाइम वाढतं आणि सायक्लोस्पोरिन, म्हणजे नवा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध, भराभर मोडून पडतं. औषधाची रक्तातली पातळी घसरली, म्हणून प्रतिकारशक्ती मोकाट सुटली. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांचा परिणामही सेंट जॉन्स वर्टमुळे असाच कमी होतो. तेव्हा तपासणीला जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या. नावं तोंडपाठ नसतात, आणि घटकांची यादी डबीवरच असते.

‘नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी चालतं’ हा समजही सोडा. भाजीतली हळद वेगळी आणि हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाचा अर्क भरलेली कॅप्सूल वेगळी. त्यात मिरीतलं पायपरीन घातलेलं असेल तर शोषण कैक पटींनी वाढतं. हळद, अश्वगंधा, गुळवेल या तिन्हींच्या सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशी इजा सरसकट होत नाही, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही.

सर्दी झाल्यावर एकिनेशिया घेऊन ती लवकर बरी होते, याला भक्कम पुरावा नाही. त्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं मत.

सप्लिमेंट सुरू केल्यावर लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना गेली, तर ते त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना गाठून यकृताची रक्ततपासणी करून घ्या. ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ असं कोणी सांगितलं तरी वाट पाहू नका. डबी फेकू नका, ती सोबत न्या. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही आधीच कल्पना द्या. बहुतेक सप्लिमेंट साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.