बदलीवर विदर्भात येताय? आधी फरशीचं बघा

विदर्भातली मंडळी नोकरीला कोकणात येतात. मला शाळेत दोन गुरुजी तिकडचेच होते. मी उलटा आलो. जून 2012 मध्ये चिपळूणहून यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढच्या एका गावी, बँकेच्या शाखेत. तीन वर्षं काढू आणि परत जाऊ, असं म्हणता म्हणता इथेच घर बांधलं. आता बदलीवर कोणी नवीन आलं, तलाठी असो, नर्सताई असो की आमच्याच शाखेतला नवा पोरगा, की खोली कुठे मिळेल, दूध कोणाकडे लावू, हे विचारायला माझ्याकडे येतात. मी सगळं सांगतो आणि शेवटी विचारतो, "खोलीत फरशी कसली आहे? पोछा कुठला आणलाय?" लोक हसतात. पहिला पाऊस पडला की त्यांचाच फोन येतो.

मीही असाच हसण्यावारी नेणारा होतो. आलो आणि पंधरा दिवसांत पाऊस लागला. दोन खोल्या, शहाबादी फरशी, पुढे छपरी. (ओसरीला इकडे छपरी म्हणतात आणि केरसुणीला फडा. हे दोन शब्द लवकर शिका.) संध्याकाळी शाखेतून आलो तर बुटांना तळव्याहून जाड चिखल. तसाच आत आलो आणि आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे बादलीभर पाणी फरशीवर ओतून फडकं फिरवायला लागलो. आमच्याकडची माती तांबडी, जांभ्याची, रवाळ. पाणी मारलं की वाहून जाते. इथे ती काळी ढेकळं पाण्यात विरघळली आणि दोन्ही खोल्यांत शाईसारखी पसरली. दुसरी बादली ओतली, तिसरी ओतली. रात्री फरशी वाळली तर तिच्यावर राखाडी ढग उमटलेले. घरमालकीण काकू दारात उभ्या राहून मघापासून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काजी साहेब, फरशी पुसून राह्यले का वावर वखरून राह्यले?" (वावर म्हणजे शेत, आणि वखरणं म्हणजे त्याची मशागत.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखवलं. चिखलाला ओला असताना हातच लावायचा नाही. तो वाळू द्यायचा. वाळला की त्याच्या खपल्या सुटतात. त्या पत्र्याच्या पट्टीने उचलायच्या, मग फडा मारायचा, मग दुसऱ्यांदा फडा मारायचा, आणि पाणी सगळ्यात शेवटी, तेही जेवढ्यास तेवढं.

यामागचं कारण मला पुढे कृषी खात्यातल्या एका मित्राने समजावलं. ही काळी माती बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेली. हिच्यात चिकणमातीचा अंश फार, आणि चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षा बारीक. पाणी प्यायली की ही माती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. हा बारीक कण पाण्यात तळाशी बसायला फार वेळ घेतो. म्हणून बादलीतलं पाणी एकदा गढूळलं की पुढची प्रत्येक फेर म्हणजे त्याच मातीचा पातळ हात फरशीवर फिरवणं. चूल पोतारतात ना, तसंच. आपल्याला वाटतं पुसतोय, प्रत्यक्षात आपण पोतारत असतो.

एवढं ध्यानात आलं की पोछा कुठला घ्यायचा हे निम्मं ठरतं. इथे माती उचलून धरणारं कापड हवं, आणि ते मळलं की त्याच गढूळ बादलीत पुन्हा बुचकळायची पाळी येऊ नये.

मी पहिला घेतला तो गोल फिरणारा, बादलीत जाळीची टोपली असलेला. 2014 साली यवतमाळच्या दुकानात त्या माणसाने चकचकीत टाइलवर चहा सांडून एका फेऱ्यात पुसून दाखवला आणि मी बादलीसकट उचलून आणला. टाइलवर सांडलेला चहा कशानेही पुसला जातो, हे तेव्हा सुचलं नाही. त्या बादलीत रेघेपर्यंत पाणी भरावं लागतं, नाहीतर झुपका नीट भिजत नाही. इथे एप्रिलनंतर नळाला कधी चार दिवसांनी पाणी येतं, कधी टँकरची वाट बघावी लागते. त्यात माती आणि बोअरच्या पाण्यातले क्षार टोपलीच्या फिरकीत जाऊन बसले, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती करकरायला लागून अडकली. बादली अजून आहे, तिच्यात कोंबड्यांचं खाद्य ठेवतो. शहरातून येताना असला पोछा तुमच्याकडे असेल तर टाकू नका, पण एकदा झुपका मळला की स्वच्छ पाण्याची दुसरी बादली घ्यायची, हा नियम पाळा. मुद्दाम विकत मात्र घेऊ नका.

आता माझ्याकडे सपाट पट्टीचा आहे. लांब दांडा, खाली हातभर लांब पट्टी, तिला चिकटपट्टीने, म्हणजे वेल्क्रोने, बसणारं मायक्रोफायबरचं कापड. पट्टी एकच, कापडं सहा. सगळी मेख या सहा कापडांत आहे. सकाळी तांब्या-दीड तांब्या पाण्यात सहाही कापडं भिजवतो, घट्ट पिळतो, घडी घालून डब्यात ठेवतो. एका खोलीला एक कापड. मळलं की सोडून बाजूला टाकायचं, दुसरं लावायचं. मळकं कापड स्वच्छ पाण्यात बुडतच नाही, त्यामुळे ढग उमटत नाहीत. सगळं घर पुसून मग सहाही एकदम धुवायची. दोन बादल्यांचं काम अर्ध्या बादलीत होतं.

मायक्रोफायबर म्हणून विकतात ते सगळंच तसं नसतं. खरं कापड पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, यांचं मिळून असतं. वेष्टनावर 80 आणि 20 किंवा 70 आणि 30 असं प्रमाण छापलेलं दिसतं. धागा केसाहून कितीतरी बारीक आणि उभा चिरलेला. त्या चिरांत माती अडकते आणि पाणी शोषलं जातं. नुसतं पॉलिएस्टरचं गुळगुळीत कापड पाणी पुढे ढकलत नेतं. बाजारात पारख सोपी आहे. कोरडं कापड तळहातावरून ओढा. हाताच्या खरखरीत कातडीला किंचित अडकलं पाहिजे. मग दुकानदाराच्या नाकावर टिच्चून चमचाभर पाणी काउंटरवर टाका आणि कापड नुसतं वर ठेवा. पाणी आत ओढलं गेलं तर घ्या, मणी होऊन इकडेतिकडे पळालं तर ठेवून द्या. दांडा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा घ्या. लाकडी दांडा न्हाणीच्या कोपऱ्यात उभा ठेवलात तर त्याला वाळवी लागते. तिला इकडे उदई म्हणतात, आणि ती भाडेकरू आणि घरमालक असा भेद करत नाही.

आता फरशी. भाड्याच्या खोलीत तुम्हाला बहुधा चारांपैकी एक सापडेल. नवी टाइल असेल तर वरचा सपाट पोछा डोळे झाकून. शहाबादी किंवा कोटा असेल तरी तोच, पण हात हलका, कारण घासून गुळगुळीत न केलेल्या शहाबादीवर मायक्रोफायबरचे धागे ओढले जातात. घरकुलातल्यासारखा सिमेंटचा खरखरीत कोबा असेल तर मायक्रोफायबरचा नाद सोडा, एका महिन्यात कापडाची लक्तरं होतात. तिथे सुती दोऱ्यांचा जाड पोछा किंवा जुन्या धोतराचं फडकंच बरं. आणि जुन्या घरात मधली खोली शेणाने सारवलेली असेल तर तिथे पोछा न्यायचाच नाही. सारवण ओलं केलं की उखडतं. ते झाडायचं, आणि पुन्हा सारवायचं कसं हे घरातल्या बायकांना विचारायचं. विचारलं की त्यांना बरं वाटतं, हा माझा अनुभव.

शहाबादीबद्दल एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण तिच्यापायी माझी अनामत रक्कम जाता जाता राहिली. शहाबादी येते कर्नाटकातल्या शहाबादहून, कोटा राजस्थानातल्या कोट्याहून, आणि दोन्ही जातीने चुनखडीच. चुनखडीला आंबट चालत नाही. न्हाणीच्या दाराशी बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साचले होते. मी संडास धुवायचं ॲसिड थोडंसं ओतलं. फरशी लिंबूसोड्यासारखी फसफसली. डाग गेला, सोबत फरशीची वरची कातडीही गेली, आणि तळहाताएवढा फिकट, खरखरीत चट्टा पडला. तो अजून तिथे आहे. काकूंनी त्यावर पाट ठेवला आणि मला काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, यातलं काहीही या फरश्यांवर नको. इंटरनेटवर पाण्यात व्हिनेगर घाला म्हणून सांगतात, ते टाइलसाठी ठीक. आणि कुठलीही फरशी असो, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधी करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

क्षारांचा विषय निघालाच आहे तर पाण्याचंही सांगतो. तुमची बदली अकोला, अमरावती किंवा बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात झाली असेल तर तुम्ही खारपाण पट्ट्यात आहात, तिथलं भूगर्भातलं पाणीच खारं. आमच्याकडे तितकं नाही, तरी बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साय धरते आणि ती फरशीवर बसते. मग पाय ठेवला की फरशी चिकचिकते आणि आपण अजून साबण घालतो. पोछ्याच्या पाण्यात साबण घालूच नका. रोजच्याला नुसतं पाणी पुरतं. आठवड्यातून एकदा फिनाइल हवं तर बुचभर. पावसाचं पाणी हौदात धरलेलं असेल तर पुसायला तेच वापरा, डागच पडत नाहीत.

ऋतूप्रमाणे वेळ बदला. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, दुपारी फरशीवर पाणी टेकतं न टेकतं तोच वाळतं आणि रेघा राहतात. पुसायचं ते सकाळी सातच्या आत. पावसाळ्यात सगळं पायरीवर अवलंबून. आमच्या पायरीशी वखराची जुनी पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, जमिनीत रोवली आहे, तिच्यावर बूट खरवडायचे, मग बारदान्याच्या पायपुसण्यावर घासायचे. गावातली माणसं चपला बाहेर काढूनच येतात, बाहेरून आलेलेच बुटांसकट घुसतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस घरी यायला लागतो. घरमालक शेतकरी असेल तर तुमच्या शेजारच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असेल. त्याचे तंतू सगळीकडे उडतात. मायक्रोफायबर ते असे पकडतं की धुऊनही सुटत नाहीत. त्या दोन महिन्यांत आधी ओलसर सुती फडक्याने तंतू गोळा करायचे, मग पोछा. उंबऱ्यातली कालची रांगोळीही आधी झाडून घ्या. ती दगडाची पूड आहे, पोछ्याखाली आली तर फरशीवर ओरखडे पडतात.

धुण्याचे नियम थोडे. मायक्रोफायबर कधी उकळत्या पाण्यात टाकू नका, ब्लीच नको, कपड्यांना सुवास येण्यासाठी घालतात ते कंडिशनर तर अजिबात नको, त्याने चिरा बुजतात आणि कापड शोषायचं थांबतं. टॉवेल-बनियनसोबत धुऊ नका, सगळा कापूस त्यालाच लागतो. वाळत सावलीत घाला. मे महिन्यातलं गच्चीवरचं ऊन प्लास्टिकची चिकटपट्टी महिन्याभरात कडक करतं. सुती पोछ्याचं अगदी उलट. त्याला गरम पाणी आणि कडक ऊनच हवं, नाहीतर श्रावणात तो असा कुबट वास मारतो की पुसलेल्या घरात बसवत नाही. माझी कापडं दोन वर्षं टिकतात. नंतर ती सायकल पुसायला जातात.

घरकामाला कोणी मावशी लावल्यात तर तुमचा लांब दांड्याचा पोछा त्यांच्या हातात लगेच देऊ नका. आमच्याकडे येतात त्या मावशींनी तो दोन दिवस वापरून कोपऱ्यात उभा केला आणि म्हणाल्या, "हा कोपऱ्यात जात नाही बाप्पा." त्यांचं खरं होतं. पट्टीचा पोछा कोपऱ्यात बोटभर माती सोडतो. आता मधलं मी पुसतो, कडा त्या बसून फडक्याने काढतात. पण त्यांचे गुडघे धरायला लागलेत, म्हणून या वर्षी अरुंद पट्टीचा एक छोटा पोछा आणला आहे. त्याबद्दल अजून त्यांचं मत आलेलं नाही.

पोछा जमिनीवर टेकवून ठेवू नका, खिळ्याला वर टांगा. पावसाळ्यात ओलसर कापडाखाली विंचू येऊन बसतो. टांगलेलं असलं तरी उचलण्याआधी दांड्याने भिंतीवर दोनदा आपटायची सवय लावा.

आणि पुसलेलं पाणी मोरीत सोडू नका, उन्हाळ्यात झाडांना घाला. फिनाइल घातलं असेल त्या दिवशी तेवढं नको. काकूंचं गोडनिंबाचं रोप, म्हणजे आपला कढीपत्ता, मी असंच घालवलं. त्या गोष्टीला दहा वर्षं झाली, तरी आजही माझ्याकडे चिवडा पाठवताना त्या वरून सांगतात, "गोडनिंब कमी हाय साहेब, काहून ते तुमाले माहीत हाय."