पॅच दहा मिनिटांचा, पोचवायला अख्खी दुपार

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. आमचा प्रोग्रॅम साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर चालायचा. ऐन गळीत हंगामात एका कारखान्यात पावतीवर रिकाम्या ट्रॉलीचं वजन चुकीचं छापलं जायला लागलं. दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. ती तिथवर पोचवायला दुपार गेली, आणि त्या दुपारी मी जे जे केलं त्यातलं बरंचसं तुम्ही करू नये म्हणून हे लिहितोय.

नवी ईएक्सई (विंडोजवर थेट चालणारी प्रोग्रॅमची फाइल) जीमेलला जोडली, नकार आला. झिप केली, पुन्हा नकार. झिपला पासवर्ड घातला, तरी तेच. गूगल पासवर्ड फोडतं की काय, असं मला खरोखर वाटलं होतं! प्रकार साधा असतो. झिपच्या पासवर्डने फाइलींमधला मजकूर कुलूपबंद होतो, नावं उघडीच राहतात. यादीत ईएक्सई दिसली की फाटक बंद. बॅट, एमएसआय, व्हीबीएस, जेएस अशी शेपटं असलेल्या, उघडताच काहीतरी चालवणाऱ्या फाइलींचीही तीच गत.

मग शेजारच्या सीनियरने पिढीजात युक्ती सांगितली: नावातलं ईएक्सई खोडून टीएक्सटी कर, म्हणजे ती साधी मजकुराची फाइल वाटेल. कंपनीच्या मेलवरून ते गेलं. थोड्या वेळाने काट्यावरच्या क्लार्कचा फोन, “साहेब, मेल आलाय, पण त्याला काही चिकटलेलंच नाही.” त्यांच्या सर्व्हरने फाइल काढून टाकून नुसतं पत्र पुढे सोडलं होतं. विंडोजच्या ईएक्सईची पहिली दोन अक्षरं ‘एमझेड’ असतात (विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात मायक्रोसॉफ्टमध्ये हा फॉरमॅट बनवणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं). तुम्ही नाव काहीही द्या, ही दोन अक्षरं तपासणारा सर्व्हर फसत नाही.

फोनवर मागे ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती. मी शेवटी गूगल ड्राइव्हची लिंक पाठवली आणि घाईत म्हणालो, “अँटिव्हायरस जरा बंद करा.” त्यांनी निमूट बंद केला. काम झालं. पण रात्री तेच डोक्यात घोळत राहिलं. अनोळखी माणसाने फोनवर हेच सांगितलं असतं, तरी त्यांनी केलं असतं. तशी सवय त्यांना मीच लावली होती.

ही बंदी कुणी हौसेने घातलेली नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, मेलमधून जगभर पसरला. जोडलेल्या फाइलचं खरं शेपूट व्हीबीएस होतं, पण विंडोज ते लपवायचं, म्हणून लोकांना ते टीएक्सटी वाटलं आणि त्यांनी उघडलं. म्हणजे माझी टीएक्सटीवाली युक्ती त्याच घराण्यातली. पुढे इमोटेट नावाचा घातक प्रोग्रॅम पसरवणाऱ्यांनी पासवर्डवाल्या झिप पाठवून त्याच मेलात पासवर्डही लिहून दिला. त्यामुळे आज बऱ्याच ठिकाणी कुलूपबंद झिप दिसली की थेट अडवतात, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

आता मी काय करतो? आधी समोरच्या आयटीवाल्याला विचारतो की तुमच्याकडे प्रोग्रॅम स्वीकारायची ठरलेली वाट कोणती. असेल तर तीच. नसेल तर फाइल ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर ठेवतो, आणि लिंक ‘कुणालाही’ न देता फक्त त्यांच्या मेल आयडीला उघडी करतो. मेलात फक्त लिंक, आवृत्तीचा नंबर आणि काय बदललं ते जातं. मोठ्या फाइलला तर हाच मार्ग बरा, कारण जोडलेली फाइल मेलमधून जाताना बेस-६४ मध्ये (म्हणजे साध्या अक्षरांच्या रूपात) बदलते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते.

खरा भार मात्र हॅशवर, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशावर. एसएचए-२५६ या पद्धतीने तो ६४ अक्षरी निघतो. आत एक बाइट बदलला तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजमध्ये तो काढायला वेगळं काही बसवावं लागत नाही, सर्टयुटिल ही कमांड आधीपासूनच असते. मी माझ्याकडच्या फाइलचा काढतो, त्यांना उतरवलेल्या फाइलचा काढायला सांगतो, आणि पहिली-शेवटची आठ-आठ अक्षरं फोनवर जुळवतो. हॅश त्याच मेलात लिहून उपयोग नाही. मेल कुणी बदलू शकत असेल तर हॅशही बदलेल.

एवढं करूनही सही नसलेली अनोळखी फाइल चालवताना विंडोज बहुतेकदा निळी खिडकी दाखवून अडवतं, कारण नेटवरून आलेल्या फाइलवर तशी खूण बसते. कंपनीचं कोड साइनिंग सर्टिफिकेट (प्रोग्रॅम कुणाचा हे दाखवणारी डिजिटल सही करायचा दाखला) असेल तर फाइल सही करूनच पाठवा. नसेल तर साहेबांच्या मागे लागा; खर्च आहे, पण रोजच्या विनवण्या कमी होतात. आणि कॉलेजच्या प्रोजेक्टची ईएक्सई सरांना पाठवणार असाल तर त्या भानगडीत पडूच नका, सोर्स कोड द्या. सरांनी तुमची ईएक्सई चालवावी तरी का?

पुढच्या हंगामात त्याच कारखान्याला नवी आवृत्ती दिली. लिंक पाठवून मी चहाला गेलो, तर क्लार्कचाच फोन आला, “साहेब, अँटिव्हायरस चालूच ठेवलाय. आधी आठ अक्षरं सांगा, मग बघू.”