बॉल पायथनच्या श्वासाचा आवाज: साधा की आजाराचा?

कात टाकण्याच्या सुमारास बॉल पायथनच्या (घरी पाळल्या जाणाऱ्या एका छोट्या आफ्रिकी अजगराच्या) नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, कारण सैल झालेल्या त्वचेमुळे नाकपुड्या थोड्या अरुंद होतात. कात पूर्ण निघाल्यावर तो थांबला, तर काळजीचे कारण नाही. हाताळताना केलेला फूत्कारही निरुपद्रवी असतो, म्हणून साप शांत पडलेला असतानाच काही मिनिटे कान देऊन ऐकावे.

कात निघूनही घरघर किंवा टकटक चालू राहिली, नाकपुड्यांशी बुडबुडे किंवा तोंडात चिकट, तारा सुटणारी लाळ दिसली, किंवा साप डोके वर धरून उघड्या तोंडाने श्वास घेऊ लागला, तर संसर्गाची दाट शंका घ्यावी. सापाला श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) नसल्याने त्याला आपल्यासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही आणि तो फुप्फुसात साचत जातो. त्यामुळे उघड्या तोंडाचा श्वास दिसताच सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे. दरम्यान पेटीची उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सियस आहे ना, हे थर्मामीटरने तपासावे (हाताच्या अंदाजावर विसंबू नये) आणि इतर साप वेगळे ठेवावेत. अजगरांमध्ये निडोव्हायरस नावाच्या विषाणूमुळेही हीच लक्षणे दिसतात आणि विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, म्हणून घरी उरलेले औषध देऊ नये.