देव न मानता हरिपाठाला बसायचं असेल तर

देव न मानणारा माणूस देवळात जातो तो बहुधा कुणाला तरी सोडायला, आणि चपलांपाशी उभा राहून घड्याळ बघतो. तिथून काहीच कळत नाही. आत बसावं लागतं, तेही पाऊण तास. देव आहे की नाही हा प्रश्न तेवढा वेळ चपलांबरोबर बाहेर ठेवा. परत येताना तो जागेवर सापडेल. चपलांची खात्री नाही.

नाशकात नवखा माणूस सुरुवात करतो ती रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीपासून. तिथून करू नये. दिसायला देखणी, पण सगळ्यांचे मोबाईल वर असतात आणि तुम्ही प्रेक्षकच राहता. कामदा एकादशीला निघणारे रामरथ आणि गरुडरथही पहिल्या खेपेसाठी नाहीत. त्या गर्दीत जीव सांभाळायचा की लक्ष द्यायचं? त्यापेक्षा पंचवटीतलं, सिडकोतलं, कुठल्याही कॉलनीतलं विठ्ठलाचं नाहीतर मारुतीचं लहान देऊळ शोधा आणि एवढंच विचारा, "काका, हरिपाठ किती वाजता?" बहुतेक ठिकाणी दिवेलागणीच्या सुमारास असतो. कारण कोणी विचारत नाही.

ज्ञानदेवांचा हरिपाठ पोथीत २८ अभंगांचा आहे. दर अभंगानंतर तेच पालुपद येतं, म्हणून पाठ नसलं तरी पहिल्याच दिवशी निम्मं म्हणता येतं. खिशात मावेल अशी पुस्तिका न्या. मोबाईलवर वाचलं तर मान खाली जाते, श्वास आखडतो आणि लय सुटते. खांबाला टेकून मागे बसू नका; दुसऱ्या ओळीत, पखवाज ऐकू येईल असे बसा.

पहिले दोन-तीन दिवस नुसती टाळी. मग टाळ मागा. दोरीचे एक-दोन वेढे तर्जनीला द्या आणि टाळ बोटांखाली लोंबता राहू द्या. तळहात लागला की नाद मरतो. नवशिके दोन्ही टाळ सपाट एकमेकांवर आपटतात. मध्ये हवा कोंडते आणि 'थप्' असा मेलेला आवाज येतो. एक टाळ किंचित तिरका धरून काठावर काठ द्या आणि लगेच सोडवा. लय पखवाजाकडून घ्या, शेजाऱ्याकडून नको, कारण शेजारीही पुष्कळदा चुकतच असतो. शेवटाकडे सगळ्यांचेच हात पळू लागतात, तेव्हा स्वतःहून घाई करू नका. हे सगळं सांभाळताना मत मांडायला मन मोकळं राहत नाही, आणि आतून काही हलायचं असेल तर ते इथेच हलतं. शब्द पटण्याआधी तीसेक माणसांचा श्वास एका जागी तुटतो आणि एका जागी सुरू होतो. अर्थ आधी शब्दांत शोधणारे दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

अवघडल्यासारखं होतं ते नंतर. आरतीचं तबक आलं आणि ज्योतीवर हात फिरवायचा नसेल, तर हात जोडून पुढे जाऊ द्या. तीर्थ नको असेल तर ओंजळ पुढे करू नका, बस्स. बुक्का लावून घेतल्याने कोणी आस्तिक होत नाही. मात्र वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वय न बघता. सत्तरीचे आजोबा तुमच्या पायांशी वाकतील. मागे सरकणं, "अहो, नको नको" म्हणणं चुकीचं. आपणही तेवढंच वाका. बुद्धीने समता मानणाऱ्याला ती पाठीच्या कण्याने करून बघायला मिळते.

तरीही ही समता आयती मिळालेली आहे असं समजू नका. याच शहरात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह सुरू केला, तो पुढे काही वर्षं चालला, आणि १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तुम्ही मजेखातर ज्या उंबऱ्याच्या आत बसता, तो कोणाला नाकारला गेला होता, हे ठाऊक असू द्या.

कीर्तनाला गेलात तर सगळंच गोड नसतं. काही महाराज चमत्कार रंगवतात, काही सुनांवर घसरतात. उठायचं असेल तर गजर चालू असताना उठा. निरूपणाच्या मध्येच उठलेला माणूस सगळ्यांना दिसतो. वीणेकऱ्याच्या समोरून जाऊ नका.

महिनाभर टिकलात तर निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या एखाद्या गावचा सप्ताह गाठा. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघे एकमेकांना नमस्कार करतात आणि पहारा बदलतो. गळ्यात माळ नसेल तर वीणा मागू नका. पण रात्री दोनच्या पहाऱ्याला टाळ धरून नुसतं सोबत बसणारं माणूस हवंच असतं. घोंगडी किंवा जाड स्वेटर, कानटोपी न्या. चहाचा थर्मास मोठा घ्या, कारण तो एकट्यापुरता कधीच पुरत नाही.