एन स्केल इंजिनात डिकोडर बसवण्याआधीची तयारी

एन स्केल हे मॉडेल रेल्वेचं एक छोटं माप. डिकोडर म्हणजे रुळांतून येणाऱ्या डिजिटल आज्ञा ओळखून इंजिनाची मोटर आणि दिवे चालवणारं छोटं सर्किट; या पद्धतीला डीसीसी म्हणतात. डिकोडरचं पाकीट फोडण्याआधी इंजिन साध्या डीसी कंट्रोलरवर दोन्ही दिशांनी भरपूर चालवून घ्या. अडखळत चालणारं इंजिन डिकोडर घातल्यावर सुधारत नाही, उलट जास्त त्रास देतं, कारण आता रुळांतून विजेबरोबर आज्ञाही यायच्या असतात. चाकांची कड आणि करंट घेणाऱ्या पितळी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गिअरला तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

मग मोटर किती करंट ओढते ते मोजा. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून मोटरच्या सीरीजमध्ये जोडा, १२ व्होल्ट द्या आणि चाकं क्षणभर बोटाने दाबून थांबवा. जो आकडा दिसेल तो डिकोडरच्या सततच्या क्षमतेपेक्षा कमी असायला हवा. एन स्केलच्या छोट्या डिकोडरांची क्षमता साधारण अर्धा ते एक अँपिअर असते. जुन्या ओपन-फ्रेम मोटारी जास्त ओढतात, त्यामुळे जुनं इंजिन असेल तर ही पायरी गाळू नका.

इंजिनात डिकोडर खोचायचं सॉकेट आहे का ते बघा. सहा पिनांचं एनईएम ६५१ किंवा नेक्स्ट१८ असेल तर अर्धं काम झालंच. फक्त एक नंबरची पिन कुठली ते खात्रीने ओळखा. सॉकेट नसेल तर व्हर्निअरने आतली रिकामी जागा मोजा, जाडीसुद्धा, आणि मगच डिकोडर मागवा.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते काम. बऱ्याच एन स्केल इंजिनांची धातूची चेसिस दोन उभ्या भागांत असते. डावा भाग डाव्या रुळाचा करंट वाहतो, उजवा भाग उजव्या रुळाचा आणि मोटरचे ब्रश (मोटरला वीज पोचवणारे संपर्क) थेट या भागांना टेकलेले असतात. डीसीवर ते सोयीचं आहे. डीसीसीत मात्र रुळाचा करंट आधी डिकोडरकडे जायला हवा आणि तिथूनच मोटरला मिळायला हवा. एक ब्रश जरी चेसिसला लागून राहिला तर रुळाचा करंट डिकोडरच्या मोटरवाल्या बाजूने आत शिरतो आणि डिकोडर जळतो. परदेशातून मागवलेला डिकोडर नागपुरात पोचेपर्यंत आपण किती वाट बघतो ते आठवा, म्हणजे इथे घाई होणार नाही.

ब्रशच्या पत्र्यांखाली आणि त्यांच्यासमोरच्या चेसिसवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पातळ टेप) लावा. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक ब्रश डाव्या चाकांशी, उजव्या चाकांशी आणि चेसिसच्या दोन्ही भागांशी तपासा. कुठेही बीप व्हायला नको. दोन ब्रशांमध्ये काही ओहम दिसतील. ती मोटरची वायंडिंग आहे, तो दोष समजू नका. मग चेसिसचे स्क्रू पूर्ण आवळा आणि हीच तपासणी पुन्हा करा. सैल चेसिसमध्ये सुटा वाटणारा ब्रश आवळल्यावर टेकतो आणि बहुतेक वेळा घात इथेच होतो. चाकं हाताने फिरवत तिसऱ्यांदा तपासलंत तरी वेळ वाया गेला असं समजू नका.

तारांचे रंग कागदावर लिहून समोर ठेवा. लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला. नारिंगी आणि राखाडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक धन तार. एलईडीचा लांब पाय निळीकडे आणि प्रत्येक एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर हवाच. मोटरच्या टोकांवर छोटा कपॅसिटर असेल तर काढून टाका, तो डिकोडरच्या वेगनियंत्रणात अडथळा आणतो.

एलईडी, रेझिस्टर, बारीक हीट श्रिंक नळी हे सगळं नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळून जातं. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटच्या आसपासचं, टोक बारीक. काम करताना कूलर आणि पंखा बंद ठेवा. ब्रशची स्प्रिंग उडाली तर सापडत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि थंडीतही हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज साठते. पॉलिस्टरचा शर्ट नको, सुती घाला आणि डिकोडरला हात लावण्याआधी अर्थिंग केलेल्या धातूला स्पर्श करा. उन्हाळ्यात हे काम सकाळी उरकावं, कूलरशिवाय दुपारी हात स्थिर राहत नाही.

डिकोडर चारही बाजूंनी टेपमध्ये गुंडाळू नका, त्याची उष्णता बाहेर पडायला हवी. टेप चेसिसवर लावा.

पहिली चाचणी बॉडी न चढवता आणि प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरच, म्हणजे डिकोडरची सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर. तिथे करंट मर्यादित असतो, म्हणून जोडणी चुकली असली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता मोठी. सीव्ही १ वाचा. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग; सीव्ही १ मध्ये पत्ता असतो, म्हणजे कंट्रोलर इंजिनाला ज्या नंबराने ओळखतो तो. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. डिकोडर उत्तर देतो ते मोटरला बारीक झटका देऊन, त्यामुळे काहीच वाचता आलं नाही तर आधी मोटरच्या तारा आणि चाकांची स्वच्छता बघा. ३ दिसलं की पत्ता बदला. नागपूरच्या अजनी शेडमधल्या डब्ल्यूएजी-९ या विद्युत इंजिनाचा नंबर पत्ता म्हणून द्यायचा असेल तर तो पाच आकडी असतो. लांब पत्ता मात्र १०२३९ पर्यंतच जातो. अशा वेळी शेवटचे चार आकडे घ्या.

बॉडी चढवल्यावर पुन्हा एकदा प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर पत्ता वाचून बघा, कारण बॉडीखाली तार चेपली जाऊ शकते. तो बरोबर आला की इंजिन मुख्य रुळावर ठेवा.