सूज उतरली म्हणून गोळी बंद? मुलाच्या किडनीच्या आजारात या चुका टाळा

“आता त सूज नाही बाई, मंग गोयी कायले द्याची?” वॉर्डात हे मी कितीदा ऐकलंय. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये किडनीची चाळणी सैल होते, लघवीतून प्रथिनं वाहून जातात आणि सकाळी पोराचे डोळे सुजतात. शेजारीण म्हणते, पोरगं भरलं! स्टेरॉइडनं सूज उतरते, पण पहिल्या खेपेला गोळी साधारण ६ आठवडे रोज आणि पुढे ६ आठवडे दिवसाआड चालते. मध्येच तोडली तर आजार उलटू शकतो. शिवाय इतके दिवस बाहेरून मिळाल्यानं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं; अशात ताप-उलटी लागली तर जीवावर बेतू शकतं. पोरगं गोळी ओकत असेल तर घरी बसू नका.

आजार उलटतोय हे डोळ्यांच्या सुजेआधी लघवी सांगते. सकाळची पहिली लघवी काचेच्या परीक्षानळीत दोन तृतीयांश घ्या, नळी चिमट्यात तिरपी धरा, फक्त वरचा भाग तापवा. गढूळ झालं तर पांढऱ्या व्हिनेगरचे ३-४ थेंब टाका. गढूळपणा विरला तर ते क्षार. राहिला, दह्यासारखे गोळे दिसले, तर प्रथिनं. रोज काय दिसलं ते वहीत लिहा; सलग ३ दिवस असे गोळे दिसले की ती वही घेऊन डॉक्टरांकडे या. कापूस वेचायला जाणारी एक माय रोज पहाटे चुलीपुढं बसून ही वही लिहायची. तिच्या लेकराची सूज वाढायच्या आत आम्हाला कळलं.

सूज वाढतेय का हे वजनही सांगतं, पण त्यात घोळ होतो तो काट्यामुळे. आज अंगणवाडीचा, उद्या कापसाचा, असं नको. एकच काटा, सकाळी लघवी झाल्यावर, तेवढेच कपडे.

सुजेच्या दिवसांत घरात वरण अळणी करतात आणि पोराच्या हातात कुरडई, पापड, चिप्सचं पाकीट देतात. स्टेरॉइडनं भूक खवळते, मूल रडतं, मला समजतं. तरी मीठ तिथूनच जातं.

अंग दुखतं म्हणून गावातलं दुखण्याचं इंजेक्शन किंवा झाडपाल्याचा काढा देऊ नका, किडनीला इजा होऊ शकते.

आणि सुजलेल्या पोराचं पोट दुखू लागलं तर ‘जंत असतील’ म्हणून थांबू नका. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि स्टेरॉइडमुळे ताप झाकला जातो. अंग गरम नसलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, दवाखाना गाठा.