डेंग्यूचा ताप उतरला की पुढचे दोन दिवस घरात काय काय बघायचं

पाऊस सरत आला की आमच्या पेठेत बोळागणिक एकतरी डेंग्यूचा पेशंट असतोच, आणि फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, पेशी (प्लेटलेट्स) किती आल्या? पेशी बघाच, पण त्याच सीबीसीच्या (रक्ततपासणीच्या) कागदावर पीसीव्ही किंवा एचसीटी म्हणून एक आकडा असतो, रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते सांगणारा, तो पण बघा की, कारण आमचा भाचा जो सिरियस झाला तो पेशींनी नाही, त्या आकड्याने झाला.

पाचव्या दिवशी सकाळी ताप ९८.४. ताईनं आनंदानं मटणाचं अळणी केलं, त्यानं दोन घोट घेतले आणि उलटी, मग परत उलटी, पोटात दुखतंय म्हणाला. आम्हाला वाटलं रिकामं पोट आहे, अशक्तपणा असणार. संध्याकाळी त्याला पायजमा घालताना तळव्याला हात लागला तर थंडगार, आणि पोरगं नुसतं पडून, हाक मारली तर उशिरा बघायचं. लगेच ॲडमिट केलं. पेशी ७२ हजार म्हणजे फार घाबरण्यासारख्या नव्हत्या, पण एचसीटी दोन दिवसांत ३८ वरून ४६ वर गेलं होतं आणि सोनोग्राफीत पोटात आणि छातीत पाणी दिसलं.

हे पाणी आलं कुठनं? श्रीखंडासाठी दही पंचात बांधून टांगतो बघा, पाणी गळून जातं आणि चक्का घट्ट होत जातो. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंत एकाच पेशीच्या थराची असते आणि आतून तिला साखरेच्या रेणूंचं पातळ अस्तर असतं, हा आपला पंचा. डेंग्यूचा व्हायरस एनएस१ नावाचं प्रोटीन रक्तात सोडतो (पहिल्या दिवसांत टेस्ट करतात तेच), ते हे अस्तर झिजवतं, आणि व्हायरसशी लढताना आपलंच शरीर जी रसायनं सोडतं ती दोन पेशींमधले सांधे सैल करतात. मग रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, लाल पेशी आतच राहतात, रक्त घट्ट होतं आणि एचसीटी चढतं. आधीच्या आकड्यापेक्षा २० टक्के चढलं तर गळती मोठी आहे असं धरतात, म्हणून ताप असतानाच एक सीबीसी करून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? हे बहुतेक तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरायच्या सुमाराला होतं आणि २४ ते ४८ तास चालतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आधी एक होऊन गेला असेल आणि आता दुसरा झाला तर धोका जास्त, त्यामुळे ‘आम्हाला झालाय एकदा’ म्हणून निवांत राहू नका.

आता एक वही घ्या. किती प्यायला, लघवी कधी झाली, टाइम टाकून लिहा, सहा तास लघवी नाही म्हणजे थांबायचं नाही. बोटाचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं दोन सेकंदात गुलाबी व्हायला पाहिजे. घरात बीपीचं मशीन असेल तर वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर बघा, १०० आणि ८० वाचून बरं वाटतं, पण अंतर २० किंवा त्याहून कमी झालंय म्हणजे शॉक (रक्ताभिसरण कोसळणं) जवळ आलाय, तिथून सरळ गाडी काढायची. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यातनं किंवा नाकातनं रक्त, काळी शी, गुंगी किंवा उगाच तळमळ, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, सकाळची वाट बघू नका.

प्यायला ओआरएस, एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं करू नका. पेज, ताक, शहाळं चालतं, घोट घोट द्या. कोकम आणि बीट मात्र नको, उलटी लाल झाली तर रक्त की सरबत कळत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. मेडिकलमधनं अंगदुखीची गोळी मागून आणू नका, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानाच्या रसानं गळती थांबत नाही, त्याच्या भरवशावर दवाखाना लांबवू नका.

आणि ओळखीच्या कुणाकडनं घरी सलाईन लावून घेऊ नका, हे हात जोडून सांगतो. भिंत फुटलेली नसते, सैल झालेली असते, दोन दिवसांनी ती परत आवळते आणि बाहेर गेलेलं पाणी आपोआप रक्तात येतं, त्यात वरनं सलाईन जास्त झालं तर छातीत पाणी भरून धाप लागते. दवाखान्यात म्हणूनच तासातासाला बघून कमी-जास्त करतात.

भाच्याची गळती थांबली ते आम्हाला वहीतनं कळलं. सातव्या रात्री ताईनं तीनदा ‘लघवी झाली, भरपूर’ लिहिलं, आणि पहाटे अंगाला खाज सुटली म्हणून पोरगं उठून बसलं आणि म्हणालं, मामा, भूक लागलीय.